खालचं हेड

श्रीकृष्णराव टेंबे मुलगी पाहायला गेले होते ती गोष्ट झाशीच्या मराठी घरांत अजून सांगितली जाते, आणि सरलाबाई समोर बसलेल्या असल्या तर जरा जास्तच रंगवून सांगितली जाते. पोहे झाले, पाणी झालं. नवऱ्या मुलाने रिकामं पितळी फुलपात्र दोन बोटांवर टांगलं, नखाने टिचकी मारली, कान लावला आणि होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, "हे बद्द वाजतंय. बुडाशी तडा आहे, महिन्याभरात गळेल."

मुलीकडे पाहायचं सोडून फुलपात्राकडे पाहणारा हा पहिलाच नवरा मुलगा. त्यात सरलाबाईंचं माहेर जुनं, सुभेदारांच्या काळापासून झाशीत मुरलेलं. त्यांच्या लेखी टेंबे म्हणजे 'रेल्वेवाले', भुसावळहून परवापरवा आलेले. परवा म्हणजे एकोणीसशे अडतीस साली. पण फुलपात्र बाविसाव्या दिवशी गळलं आणि लग्न जमलं. सासूबाई मात्र मरेपर्यंत म्हणत राहिल्या, की ते जावयाच्या टिचकीनेच फुटलं.

बाहेरच्या जगात याच टिचकीवर टेंब्यांचं नाव झालं. डिझेल शेडमध्ये ते छत्तीस वर्षं हेडच्या विभागात होते. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. कुकरला झाकण असतं तसं, फक्त आत वरण शिजत नाही, भडका उडतो. रेल्वेच्या एकेका इंजिनाला अशी सोळा झाकणं, आणि प्रत्येकात कुठे केसाएवढा तडा गेलाय का ते शोधायचं काम. साहेब लोक त्यासाठी लाल रंग फवारायचे, वाट पाहायचे, पुसायचे. टेंबे हेड साखळीला टांगायचे, लहानशी हातोडी मारायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "यह गया." लाल रंग नंतर येऊन त्यांच्या म्हणण्यावर सही करायचा. शेडमध्ये त्यांना कुणी टेंबे म्हणतच नसे. 'कानवाले कक्का' म्हटलं की खलाशी मजुरापासून फोरमनपर्यंत सगळ्यांना कळायचं.

निवृत्तीनंतर हातोडी गेली, टिचकी राहिली. माठ, कलिंगडं, लग्नात आलेल्या कपबशा, नव्या सोसायटीच्या फरशा, सगळं वाजवून पाहायचं. एका लग्नात त्यांनी बँडवाल्याच्या झांजेला तडा असल्याचं सांगितलं आणि वरातीतच भांडण लावून दिलं.

आणि हाच कान दिवाळीपासून दगा देऊ लागला होता.

आधी चिमण्या गेल्या. मग दारावरची घंटा. मग कुकर. सरलाबाई आतून ओरडत, "अहो, तीन झाल्या की बंद करा!" आणि श्रीकृष्णराव वर्तमानपत्र वाचत शांतपणे पहिल्या शिट्टीची वाट बघत बसत. तूरडाळीचं पिठलं झालं की म्हणत, "तुझा कुकरच बिघडलाय." डॉक्टरांनी तपासून कानाचं मशीन दिलं. ते त्यांनी घरी आणून पत्र्याच्या डबीत टाकलं, जिच्यात त्यांचा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, असायचा. ती डबी कुणी उघडत नसे. कानवाल्या कक्काने कानात मशीन घालायचं, म्हणजे पुजाऱ्याने घंटेऐवजी मोबाईल वाजवायचा! त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सरलाबाईंनाही नाही.

अशा वेळी नात येऊन म्हणाली, "आजोबा, एक हेड बघायची आहे. तुम्ही चला ना."

"बघायची नाही, बघायचं. ते हेड."

"हां, तेच. बघायचं आहे."

अनुया, चोवीस वर्षांची, बिजौलीच्या एका लहानशा कारखान्यात इंजिनिअर. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलताना निम्म्या वाटेवर हिंदी गाडी पकडायची. तिने आणि तिच्या दोघी मैत्रिणींनी एक जुनी डिझेल जीप घेतली होती आणि तिला टर्बो बसवायचं मनावर घेतलं होतं. पुढच्या महिन्यात बरुआसागरला चिखलातल्या गाड्यांची शर्यत होती. अकरा गाड्या, आणि पोरींची ही एकच. टर्बो मिळाला, पाइप झाले, आणि मग कळलं की जीपचं मूळ हेड फुटकं आहे. इंजिनातलं तेल पाणी मिसळून चहासारखं दुधाळ झालं होतं.

"मुकेश भैयांकडे दोन हेड आहेत. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, मेरे आजोबा ठोक के बता देते हैं. सगळे येणार आहेत बघायला."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. आमचा पूरा कारखाना. शनिवारी हाफ डे असतो ना."

श्रीकृष्णरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार. हो म्हणावं, तर पूर्ण कारखान्यासमोर छत्तीस वर्षांची अब्रू लोखंडावर आपटायची. ते म्हणाले, "येतो." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली असावी, कारण सरलाबाई त्यांच्याकडे फार विचित्र नजरेने बघत होत्या.

मुकेशची शेड बिजौलीच्या मधल्या गल्लीत होती. पुढे लेथ, मागे भंगार आणि मध्ये मुकेश स्वतः, आवाजाने लेथच्याही वरताण. "आओ आओ कक्का! काए अनुया, कुर्सी लाओ इनके लाने!" अनुयाने कक्कांसाठी खुर्ची आणली. बारा-पंधरा माणसं जमली होती. कुणीतरी समोसे आणले होते. तमाशाला काही कमी नव्हतं.

मांडणीवर दोन हेडं होती. वरच्या फळीवर एक, चंदेरी रंग मारलेलं, आरशासारखं घासलेलं, मोठमोठ्या वॉल्व्हचं, म्हणजे हवेच्या झडपांचं. खालच्या फळीवर दुसरं, समथरच्या एका भंगारवाल्याकडून आलेलं, गंजलेलं, काळं, तेलकट. दोन्हीत वॉल्व्ह आणि स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. अशा हेडला इथल्या बाजारात 'भरा हुआ' म्हणतात.

"ऊपर वाला देखो कक्का," मुकेश म्हणाला. "कानपुर का माल है. पोर्ट इतने बड़े कि चूहा निकल जाए. नीचे वाला तो हमने वजन में उठा लिया था, उसे छोड़ो."

श्रीकृष्णरावांनी आधी डोळ्यांचं काम केलं, कारण डोळे अजून पगारावर होते. सरळ पट्टी दोन्ही हेडांच्या तळावर आडवी-उभी ठेवली, खाली पट्ट्या सरकवून पाहिल्या, कडेची जाडी मोजली. वरचं हेड दोनदा तरी मशीनवर घासून सपाट केलेलं होतं. जाडी बरीच उतरली होती. खालचं गंजकं होतं, पण त्याच्या तळाला कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता.

"अनू, टर्बो काय करतो?" त्यांनी विचारलं.

"हवा भरता है. म्हणजे, ढकलतो."

"धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि वारा आत कोंबतो. मग कोंबणारा दारात उभा असताना तुला खिडकी, म्हणजे पोर्ट, मोठी कशाला हवी? भिंत जाड हवी. वारा वाढला की आत भडका वाढतो, आणि तो आधी झाकणाला धक्का देतो. झाकण पातळ असलं की वाकणार, वाकलं की गॅस्केट, म्हणजे त्याखालची कुकरच्या रिंगसारखी पट्टी, उडणार. चिखलात मधोमध."

माना डोलल्या. मुकेशने हिंदीत विचारलं, पोरीने हिंदीत सांगितलं, पुन्हा माना डोलल्या. इथेच थांबलं असतं तर फार छान झालं असतं. पण लोक काही जाडीसाठी आले नव्हते.

"अब बजाओ कक्का!" मागून कुणीतरी म्हणालं.

हातोडी हातात आली. श्रीकृष्णरावांनी वरच्या हेडवर मारली. लोखंड हललं, आवाज आला, पण कसा? भिंतीपलीकडे कुणी पिशवी ठेवावी तसा. मग खालच्यावर मारली. तीच भिंत, तीच पिशवी. त्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली, भुवया उंचावल्या. सगळी जुनी कसरत केली, फक्त ऐकू काही आलं नाही. शेडमध्ये एवढी शांतता होती, की समोसा खाणाऱ्याने चावणं थांबवलं होतं. म्हणजे थांबवलं होतं असं नंतर अनुयाने सांगितलं. टेंब्यांच्या दृष्टीने तो आधीपासूनच शांतपणे खात होता.

या गडबडीत त्यांच्या हातून असा अपराध झाला, जो नोकरीत कधी झाला नव्हता. भरलेलं हेड कुणी वाजवत नाही. स्प्रिंगा नाद खाऊन टाकतात. चांगल्या कानाचा माणूसही तिथे गोंधळला असता. पण लपवणाऱ्या माणसाला आपलं काय लपवायचं आहे तेवढंच आठवतं.

"बोला ना आजोबा!"

"खालचं," ते म्हणाले. जाडीवरून तर तेच उजवं होतं. तड्याचं देव जाणे. "खालचं हेड घे, अनू. मी निघतो. माझी बीपीची गोळी राहिलीय." आणि रिक्षात बसून चालते झाले. समोसासुद्धा घेतला नाही, यावरून काय ते समजा.

इकडे मुकेशने अनुयाला विचारलं, "का कह गए?"

"खाली वाला बोला है."

आता झाशीत जन्मलेल्या मराठी पोरीचं हे असं होतं. 'खालचं' कानातून आत जाताना मराठी होतं, तोंडातून बाहेर येताना हिंदी झालं. आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

मुकेश विचारात पडला. "खाली? भरा-भराया तैयार रखा है, खाली काहे?" मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अच्छा! भरा हुआ बजता कहाँ है! खाली करवा के घर पे इत्मीनान से बजाएँगे. वाह कक्का, उस्ताद आदमी है!" कुठलं हेड हा प्रश्न त्याला पडलाच नाही. गंजलेलं लोढणं कोण घेणार? त्याने वरच्या चंदेरी हेडचे वॉल्व्ह काढले, स्प्रिंगा काढल्या, सगळं पिशवीत भरलं आणि रिकामं हेड गोणपाटात बांधून रिक्षात ठेवून दिलं. अनुया तोवर समोशाचे कागद गोळा करत होती.

दुपारी चारला गोणपाट टेंब्यांच्या अंगणात उघडलं.

"हे काय आणलंस?"

"हेड."

"हे वरचं आहे!"

"तुम्हीच बोललात ना, खाली!"

"मी म्हटलं खालचं!"

"तर मी पण तेच बोलली! खाली वाला!"

"अगं, खालचं म्हणजे खालच्या फळीवरचं!"

"तो नीचे वाला बोलायचं ना!"

"मी मराठी माणूस, मराठीत खालीच म्हणणार!"

"और मुकेश भैया हिंदी माणूस, वो खालीच समझणार!"

सरलाबाई पायरीवर गवार मोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा रेल्वे क्वार्टरात आले, तेव्हा यांनी दूधवाल्याला सांगितलं होतं, 'बर्तन खाली रखा है.' तो म्हणाला, 'खाली है तभी तो भरने आए हैं.' पन्नास वर्षं झाली. एवढ्या काळात इंजिनं बदलली, हे काही सुधारले नाहीत."

अनुया हसली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. "मग हे परत करू? आजोबा, हे खराब आहे ना? तुम्ही ऐकलं ना, तडा?"

आता आली का पंचाईत. पोर सरळ विचारत होती. दुपारी पंधरा माणसांसमोर त्यांनी तोंड बंद ठेवून फसवलं होतं, आता एकीसमोर तोंड उघडून फसवायचं होतं. तिने सगळा कारखाना गोळा केला होता तो त्यांच्या भरवशावर. खालचं हेड फुटकं निघालं आणि जीप चिखलात धुरासकट बसली, तर हसं तिचं होणार.

श्रीकृष्णराव पायरीवर बसले. "अनू, मला काहीही ऐकू आलं नाही. दोन्ही सारखीच वाजली. म्हणजे वाजलीच नाहीत."

सरलाबाईंनी गवारीची परडी बाजूला ठेवली, आत गेल्या आणि पत्र्याची डबी घेऊन आल्या. मशीन काढून पदराला पुसलं.

"तुला माहीत होतं?"

"अहो, दिवाळीपासून पिठलं खातेय मी. घाला."

मशीन कानात गेलं. जग एकदम अंगावर आलं. गल्लीतला हॉर्न, शेजारची टीव्ही मालिका, सरलाबाईंच्या बांगड्या, सगळं एकाच पातळीवर, एकाच गर्दीत. अनुयाने हेड दोन लाकडांवर ठेवून हातोडी मारली. ठणठणाट मोठा झाला, पण त्याच्या आतलं काही दिसेना. जुना कान आवाज सोलून बघायचा. हे मशीन सगळं सालीसकट वाढत होतं.

त्यांनी गोणपाटाची दोरी सोडायला घेतलेल्या पेचकसाकडे, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरकडे, पाहिलं. शेडमध्ये चालू इंजिनाच्या बेअरिंगचा आवाज ऐकायला पेचकसाचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावत. मूठ कानाला लावून उपयोग नव्हता, पण कानाच्या शेजारीच तोंड होतं. वरच्या जबड्यात अस्सल स्वतःचे दोन दात समोर उरले होते, खाली चार. त्यांनी मूठ दातांत धरली, टोक हेडवर टेकवलं आणि खूण केली.

"अहो, शोभतं का हे?" सरलाबाई म्हणाल्या.

अनुयाने मारलं. आवाज दातांतून थेट कवटीत शिरला. आधी भरघोस गुणगुण, आणि मग ती विझताना शेवटी एक बारीकशी खरखर. तळलेल्या पापडावर कुणी हलकेच बोट टेकवावं तशी. श्रीकृष्णरावांच्या अंगावर काटा आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा लोखंड त्यांच्याशी बोललं होतं.

"हुन्हा," ते पेचकसासकट म्हणाले.

"काय?"

पेचकस काढला. "पुन्हा मार! इथे. आता इथे. तिकडे सरक." टोक सरकत सरकत तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबलं. "इथे आहे. दोन वॉल्व्हच्या मध्ये. सरला, घासलेट आहे का? आणि रांगोळी दे."

"रांगोळी?"

"पांढरी. बारीक दळलेली."

घासलेटाची बाटली न्हाणीतल्या कोनाड्यातून निघाली. त्यांनी ते तिसऱ्या सिलिंडरपाशी चोपडलं, दहा मिनिटं मुरू दिलं, फडक्याने कोरडंठाक पुसलं आणि सरलाबाईंकडून वर रांगोळी भुरभुरून घेतली. तिघंही गुडघ्यावर वाकून बघत बसली. पांढऱ्यावर हळूहळू एक ओली काळी रेघ उमटली. वॉल्व्ह बसतो त्या कडेपासून निघून शेजारच्या वॉल्व्हच्या कडेपर्यंत गेलेली, नागमोडी, केसाहून बारीक.

"आजोबा!" अनुया किंचाळली. मशीनमुळे ते त्यांना फारच स्पष्ट ऐकू आलं.

निम्मी रेघ नेमकी तिथे होती, जिथे वॉल्व्ह बसलेला असताना कुणाला दिसली नसती. हेड भरलेलं आलं असतं तर ते तसंच गुपचूप परत गेलं असतं आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडलं असतं. सरलाबाईंनी निकाल दिला, "म्हणजे पोरीने बरोबरच सांगितलं होतं. खालीच हवं होतं."

सोमवारी श्रीकृष्णराव पुन्हा बिजौलीला गेले. कानात मशीन होतं, ते झाकायला टोपी नव्हती, खिशात पेचकस होता. मुकेश रेघ पाहून गप्प झाला. मुकेश गप्प होणं ही बिजौलीत बातमी होते. कानपूरवाल्याला त्याने फोनवर ज्या शब्दांत सुनावलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मग त्याने खालचं गंजकं हेड स्वतः रिकामं केलं, लाकडांवर ठेवलं, आणि माणसं पुन्हा जमली.

कक्काने पेचकस दातांत धरला तेव्हा मागे खसखस पिकली. हातोडी पडली. नाद दातांतून शिरला, गोल गोल फिरला, लांबला, आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहून विझला. त्यांनी चारही सिलिंडर पाहिले, मग पेचकस काढला.

"यह ठीक है. लगा लो."

"और शनिवार को?" मुकेशने विचारलं. "आँख बंद करके का सुन रहे थे?"

"कुछ नहीं. कान गए हमारे, मुकेश. उस दिन हम नाटक कर रहे थे."

मुकेशने टाळी वाजवली. "सुन लो सब! आज से कानवाले कक्का नहीं, दाँतवाले कक्का!" आणि सगळी शेड हसली. कक्का सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण आपण किती मोठ्याने हसतोय ते बरेच महिने त्यांना कळलंच नव्हतं.

त्या हेडला नवे वॉल्व्ह बसले आणि ते जीपवर चढलं. बरुआसागरच्या चिखलात अनुयाची जीप अकरांत सातवी आली. पण तीन गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचा मालक चिखल तुडवत अनुयाला विचारायला आला, की तुमचं हेड कुणी निवडलं. तिने बांधावर छत्रीखाली भेळ खात बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "ते आमचे आजोबा. त्यांनी ते हेड चावून बघितलं."

हल्ली सकाळी त्यांच्या फाटकाशी कुणी ना कुणी गोणपाट घेऊन उभं असतं. अट एकच, हेड भरलेलं आणायचं नाही, आणि ती मराठी-हिंदी दोन्हींत सांगितली जाते. परवा दाताचा डॉक्टर म्हणाला, की वरचे ते दोन हलताहेत, काढून पूर्ण कवळी बसवू, दिसायला छान दिसेल. श्रीकृष्णरावांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"त्यांना हात लावायचा नाही," ते मिटल्या ओठांतूनच म्हणाले. "बाकी सगळे निवृत्त झालेत. हे दोघंच नोकरीवर आहेत."